कोमट पाणी

कवळीच्या मापाची पावडर बाउलमध्येच घट्ट झाली. अजून ती ट्रेमध्ये भरायची होती, ट्रे तोंडात जायचा होता, आणि तिच्या तळहातातल्या रबरी बाउलमध्ये गुलाबी गोळा असा बसला होता की कालवायची पट्टी त्यात कुणी न धरता उभी राहिली. डॉक्टरांनी हात पुढे केलेला होता. खुर्चीत ताई आ करून बसली होती; वर एकही दात नाही, दिव्याच्या झोतात टाळू ओली आणि लालभडक. "काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं. "बसलं," ती म्हणाली, "पुन्हा कालवते." पण तेवढ्यात एक बाई आपल्या मुलीला घेऊन घाईघाईने आत आली. मुलगी जिन्यावरून पडली होती, पुढचा दात अर्धा तुटला होता, आणि ती ओठावर रुमाल दाबून हुंदके देत होती. डॉक्टरांनी ताईच्या हिरडीवरून एकदा बोट फिरवलं. "राहू दे आज. इथे मागे अजून थोडं लाल आहे. पुढच्या आठवड्यात माप घेऊ, तोवर हेही सुकेल." ताईने तोंड मिटलं, ओठ आत गेले, आणि खुर्चीतून उतरता उतरता ती धाकट्या बहिणीला म्हणाली, "बारके, अख्ख्या गावाची मापं काढलीस, एक चुकलं नाही म्हणतेस. बरोब्बर सख्ख्या बहिणीलाच गाठलंस होय?"

धाकटी हसली. ताई बाहेरच्या बाकावर जाऊन बसली, डॉक्टर त्या मुलीकडे वळल्या, आणि ती बाउल घेऊन मोरीपाशी गेली. रबर उलटं करून दाबलं तसा गोळा सबंध निघाला, बाउलच्या तळाचा गोल आकार घेऊन. तो हातात घेतल्यावर तिला कळलं की तो कोमट आहे. ती तशीच उभी राहिली. या कामात शिकण्यासारखं असं फार नसतं. पावडर हलवून भुरभुरीत करायची, चमच्याला चमचा आणि पाण्याला पाणी मोजून घ्यायचं, बाउलच्या कडेला पट्टी दाबून कालवायचं, आणि पाणी थंड. पाणी गरम असेल तर पावडर थांबत नाही. नवीन लागलेल्या मुलींना ती पहिल्या दिवशी हेच सांगत आली होती, आणि त्यासाठीच छोट्या फ्रीजमध्ये तिने स्टीलचा तांब्या ठेवलेला असे. तांब्या आजही भरलेला होता. तिने सकाळी स्वतः भरला होता. आणि तरी ती फ्रीजवरून पुढे गेली होती, अवजारं धुवायच्या गरम नळाखाली मनगटाची आतली बाजू धरून थांबली होती, पाणी सोसवेल इतपत कोमट होईतो. ते थांबणं तिला आता नीट आठवत होतं. घरी ताईसाठी समुद्रातलं शेवाळ वाटायच्या आधी ती तशीच थांबते. म्हणजे हात घरी होता, आणि बाकीची ती दवाखान्यात. असं होतं माणसाचं. घराची किल्ली काढून दवाखान्याच्या कुलपाला लावण्यासारखंच. तिने गोळा कचऱ्यात टाकला, बाउल पुसला, तुटक्या दाताच्या मुलीसाठी कापूस काढून दिला. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

कारण ताई कवळी होईपर्यंतच आली होती. दारात बॅग ठेवतानाच तिने सांगून टाकलं होतं, "कवळी बसली की मी माझ्या घरी. तुझ्या मानेवर बसायला आले नाही." वरचे उरलेसुरले दात एकदमच काढायचे ठरले तेव्हा डॉक्टरांनीच म्हटलं होतं, काही दिवस कुणाजवळ तरी राहा, एकट्या राहू नका. ताईचं घर नदीपलीकडे, सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि तिथली लिफ्ट मनात आलं तर चालणारी. ताईची मुलगी परदेशी. उरली ती बारकी. बारकीच्याही घरात दुसरं माणूस नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून ती एकटी राहत होती, असं लोक म्हणत. तिला स्वतःला तसं कधी वाटलं नव्हतं. घर छोटं होतं, जागच्या जागी होतं, संध्याकाळी आल्यावर सकाळी ठेवलेला कप सकाळी ठेवला तिथेच मिळायचा. ताई येणार म्हटल्यावर तिने पलंगावरची चादर बदलली आणि मनात म्हटलं, काही आठवड्यांचा तर प्रश्न आहे. तेव्हा तो प्रश्न होता. आता ते काही आठवडे संपत आले होते, आणि घरी गेल्यावर कप कुठे सापडेल याचा तिला भरवसा नव्हता. तो न्हाणीघराच्या खिडकीत सापडे, कुंडीत सापडे, एकदा चपलांच्या फळीवर सापडला होता. दवाखान्यातून निघताना कप आज कुठे असेल हे मनात यायला लागलं, तेव्हाच केव्हातरी तिला "कवळी बसली की" हे शब्द ऐकू येईनासे झाले असावेत. ताई ते रोज म्हणायची. ती हूं म्हणायची.

बसमध्ये ताईला खिडकी मिळाली. ताई जन्मभर शहराच्या पोहण्याच्या तलावावर शिकवायला होती आणि तिचा आवाज तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. दात गेले तरी आवाज गेला नव्हता, फक्त त्याच्या कडा गेल्या होत्या. "आता आठवडाभर पुन्हा सूप," ती अर्ध्या बसला ऐकू जाईल असं म्हणाली. "हळू बोल," बारकी म्हणाली. "का? लोकांनी सूप पाहिलं नाही?" पुढच्या सीटवरच्या गृहस्थांनी मागे वळून पाहिलं, तशी ताई त्यांच्याकडे बघून मनमोकळं हसली, सगळ्या बोळक्यानिशी. ते घाईने पुढे बघू लागले. "बघ," ताई म्हणाली, "आधी जिभेला हाड नव्हतं. आता शेजारीही कुणी नाही." बारकीने हसू दाबलं आणि त्याच वेळी ताईच्या गालाकडे बघून घेतलं. दात काढल्यावर पहिले काही दिवस तो गाल सुजला होता, मग एकदम आत गेला होता, आणि ताई अचानक आईसारखी दिसायला लागली होती. आता गाल पुन्हा थोडे भरले होते. ते शेवाळाने, असं ताई म्हणायची नाही. ताई तशी भोळी नव्हती. पण दोघींचंही लक्ष होतं.

शेवाळ आणलं होतं ताईच्या एका जुन्या विद्यार्थिनीने. ती कुठल्याशा आरोग्याच्या वस्तूंच्या दुकानात कामाला होती आणि बाईंचे दात काढले हे कळल्यावर भेटायला आली होती. पिशवीत वाळलेलं, पिवळट, चुरगळलेल्या दोऱ्यांसारखं काहीतरी होतं. त्याला खारट, बंद खोलीसारखा वास होता. "सी मॉस, बाई. समुद्रातलं शेवाळ. याचं जेल करायचं, रोज चमचाभर घ्यायचं. केसांना चांगलं, त्वचेला चांगलं, गुडघ्यांना, झोपेला..." ताईने तिला बोलू दिलं आणि मग म्हणाली, "एवढं सगळं होत असतं तर मासे म्हातारे झालेच नसते गं." विद्यार्थिनी हसली, पण जाताना पिशवी ठेवूनच गेली. डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, थायरॉइडच्या गोळ्या चालू नाहीत ना? मग चमचाभर घ्यायला हरकत नाही, जास्त नको. आणि हिरड्यांना टोचत नाही हे एक बरं. वर त्यांनी सहज सांगितलं की मापाची पावडरही शेवाळाचीच असते. ही जात वेगळी, पण चुलत भावंडंच म्हणायची. ती तेव्हा ट्रे पुसत होती. तिचे हात थांबले होते. इतकी वर्षं ती लोकांच्या तोंडात समुद्र घालून दोन मिनिटांनी काढून घेत होती आणि तिला पत्ता नव्हता. घरी आल्यावर हे ताईला सांगितलं तर ताई म्हणाली, "मी तर समुद्रात पाय बुडवला नाही कधी. जिथला तळ दिसत नाही त्या पाण्याशी आपलं काम नाही." असं म्हणून तिने पिशवीतला एक दोरा तोडून चघळायला तोंडात टाकला, चघळायला काही नाही हे लक्षात आल्यावर काढला, आणि दोघी ओट्याला टेकून कितीतरी वेळ हसत राहिल्या.

पहिल्या खेपेला जेल तिने केलं. ताईला अंदाजाने करायची सवय, तिला मोजून. तिने शेवाळ परातीत घेऊन पाणी बदलत बदलत धुतलं, बोटांनी प्रत्येक फांदी उलगडून वाळू काढली, एक नखाएवढा शिंपला निघाला तो खिडकीत ठेवला. रात्रभर भिजल्यावर त्या चुरगळलेल्या दोऱ्यांची पारदर्शक, गुबगुबीत बोटं झाली होती आणि वास जवळजवळ गेला होता. ती बोटं दाबून बघताना तिला बरं वाटलं, कामातलं बरं वाटणं, जसं नीट भिजलेल्या प्लास्टरला हात लावल्यावर वाटतं. मग तिने ती मिक्सरमध्ये घातली, बेताचं कोमट पाणी घातलं, फिरवलं, आणि झाकण काढून वाट बघत उभी राहिली. घट्ट होईना. मिक्सरमध्ये खिरीसारखं पातळ काहीतरी हलत होतं. तिच्या हातांना ठाऊक असलेली वस्तू डोळ्यांदेखत बसते. पट्टी उचलेपर्यंत बसते. तिने आणखी शेवाळ घातलं, फिरवलं, पुन्हा वाट बघितली, पुन्हा घातलं. ताई मागून म्हणाली, "अगं थांब जरा, त्याला गार तर होऊ दे." "तुला काय कळतंय यातलं," ती म्हणाली, "माझं रोजचं काम आहे हे." दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीजमधल्या बरणीत चमचा गेला नाही. सुरी गेली. बरणी पालथी केली तेव्हा जेल बरणीचाच आकार घेऊन ताटलीत उभं राहिलं, आणि ताईने त्याला बोटाने टिचकी मारली तर ते हललं आणि परत सरळ झालं. "बारके," ताई म्हणाली, "यात तुझ्या डॉक्टरीणबाईंचंच माप घे आता." तेव्हापासून कामाची वाटणी झाली. धुणं आणि निवडणं तिच्याकडे, पाणी आणि मिक्सर ताईकडे. ताई पाणी मोजायची नाही. ती मिक्सरचा आवाज ऐकायची; आवाज जड झाला की थोडं पाणी, आवाज पोकळ झाला की बस. "पाण्याचं मला सांगू नकोस," असं म्हणायची. पाणी कोमट असावं एवढं मात्र तिने बहिणीकडे सोपवलं होतं, कारण ताईच्या हातांना गरम-गार काही कळत नसे, सगळं पाणी तलावाचंच वाटायचं. म्हणून दर शनिवारी नळाखाली मनगट धरून थांबायचं ते तिने.

आता शनिवारची दुपार म्हणजे तेच झालं होतं. बरणी भरली की जेल सगळीकडे जायचं. सकाळी चमचाभर कुस्करलेल्या केळ्यात, संध्याकाळी सूपमध्ये, आणि सूप असं गुळगुळीत व्हायचं की ताईच्या घशातून ते आवाज न करता उतरायचं. स्वतःची अशी त्याला चव नव्हती. चव नसलेल्या गोष्टीची सवय लागते हे तिला नवीन होतं. भिजवलेलं पाणी कुंड्यांना. मिक्सरच्या कडांना उरलेलं चेहऱ्याला. दोघी गॅलरीत खुर्च्या टाकून तोंडाला जेल फासून बसत आणि ते वाळत जाई, कपाळ ओढलं जाई, गालावर कागद चिकटवल्यासारखं होई. तेव्हा हसायचं नाही असा नियम होता, आणि तो नियम ताईनेच केलेला असल्यामुळे तो मोडायचा अधिकारही तिचाच. ओठ न हलवता ती खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांची चालण्यावरून परीक्षा घ्यायची. "हा बुडणार. ही तरेल, पण ओरडून. हा काठावर बसून दुसऱ्याला शिकवणार." बारकी खुर्चीचे हात घट्ट धरून बसायची, पोट हलत असायचं, आणि अखेर गालावर बारीक भेगा पडायच्या. अशा एका दुपारी डोळे मिटून बसलेलं असताना तिला वाटलं होतं की आपल्याला काही नको आहे. हे वाटणं इतकं साधं होतं की तिने ते तपासूनही पाहिलं, जसं डॉक्टर दातावर आरशाच्या दांडीने टकटक करतात. कुठेच दुखलं नाही. त्याच वेळी शेजारच्या खुर्चीतून ताई म्हणाली होती, "माझ्या गॅलरीत यावेळेला ऊन असतं. कवळी बसली की बोलावीन तुला." बारकीचे डोळे मिटलेलेच होते. चेहरा वाळलेला होता, म्हणून त्यावर काही उमटलं नाही.

बाउलमधल्या त्या गोळ्याचा विचार करताना ती या दुपारपाशी येऊन थांबायची आणि तिथून मागे फिरायची. हात घरी होता, एवढंच. पण कुठल्या घरी, आणि कशाला? तो शेवाळाच्या सवयीने कोमट पाण्याखाली गेला, की त्याला बरोबर ठाऊक होतं कोमट पाण्याने काय होतं? दोन्ही गोष्टी एकाच मनगटात कशा राहतात ते तिला उमगत नव्हतं. आठवडाभर ती कामावर थंड तांब्या काढताना स्वतःच्या हाताकडे बघायची, एखाद्या नव्या लागलेल्या मुलीकडे बघावं तशी. हाताने पुन्हा काही केलं नाही. लोक आले, आ केलं, मापं निघाली, लॅबवाला प्लास्टरचे साचे घेऊन गेला.

हाताने नाही, मग जिभेने केलं. बुधवारी सकाळी ताई खिडकीशी उभी राहून म्हणाली, "बघ गं सुकली का," आणि तोंड उघडलं. तिने मोबाइलचा दिवा लावून आत पाहिलं. मागची हिरडी गुलाबी, गुळगुळीत, सगळ्या हिरडीसारखी हिरडी झालेली होती. "अजून थोडी आहे," ती म्हणाली. ताईने बरं म्हणून तोंड मिटलं आणि केळं कुस्करायला घेतलं. ना आरशात पाहिलं, ना पुन्हा विचारलं. तिला वाटलं होतं ताई म्हणेल, खरंच? कुठे? दुखत तर नाही. पण ताई तिच्या शब्दावर केळं कुस्करत राहिली. हाताबद्दल एक वेळ संशयाचा फायदा घेता आला असता. याबद्दल नाही. ती बसस्टॉपपर्यंत गेली, आणि बस आली तेव्हा तिला एकाएकी तलाव आठवला. ती सातवी-आठवीत असेल, ताई नुकतीच तिथे शिकवायला लागली होती, आणि सुटीच्या दिवशी तिला उथळ बाजूला नेऊन पाठीवर तरंगायला शिकवत होती. पाठीखाली ताईचा तळहात. कान पाण्यात, वर छताचे पत्रे, सगळा गलका लांब गेलेला. "आता काढते हं हात," ताई म्हणायची, आणि ती तात्काळ पाय खाली टेकवून उभी राहायची. "अगं काढलाच नव्हता!" "पण काढणार होतीस." हे कित्येक सुट्या चाललं. बाकीचे शिक्षक न सांगता हात काढून घेत आणि मुलं आपली तरंगत राहत. तिला कुणीतरी तसं सुचवलंही. ताईने मानलं नाही. न सांगता हात काढायचा नाही, ती म्हणायची, नाहीतर मूल पाण्याचं शिकतं आणि माणसाचं विसरतं. परिणाम असा की ताईने अर्ध्या शहराला पोहायला शिकवलं आणि सख्खी बहीण कोरडी राहिली. यावर घरात पुढे खूप थट्टा झाली. बसमध्ये दांडी धरून उभं असताना ती थट्टा तिला पुन्हा आठवली, आणि त्या तळहाताचा गरमपणाही आठवला, पाणी गार असून त्याच्यावर तेवढाच एक कोमट गोल.

शनिवारी तिने सांगायचं ठरवलं. ती शेवाळ निवडत होती. या खेपेचं जरा काळपट जांभळं होतं, वाळू जास्त होती. "ताई," ती म्हणाली, "तू कवळी..." आणि ताईने मिक्सर चालू केला. तो थांबला तशी ती म्हणाली, "मी काय म्हणत होते..." "थांब, आवाज पोकळ झाला नाही अजून," ताई म्हणाली आणि पुन्हा चालू केला. मिक्सर थांबला तेव्हा तिचं अवसान संपलं होतं. "काय म्हणत होतीस?" "काही नाही. हिरडी सुकली आहे. बुधवारीच सुकली होती." ताईने झाकणावरचं जेल बोटाने निपटून घेतलं. तिने थोडा वेळ बहिणीकडे पाहिलं, तलावाच्या काठावरून पाहावं तसं. "बरं," ती म्हणाली. "मग मंगळवारी जाऊ." आणि बरणी पुढे केली. एवढंच झालं. रागावली असती तर पुढचं बोलता आलं असतं.

मंगळवारी तिने तांब्या काढला. पाणी इतकं गार होतं की बाउलला बाहेरून दव आलं. पावडर हलवली, मोजली, कालवली, बाउलच्या कडेवर पट्टी दाबत, लवकर आणि न सांडता, आणि मिश्रण सायीसारखं एकजीव झालं. ते करताना तिला स्पष्ट दिसत होतं की हे चांगलं झालं तर काय होणार आहे; माप, साचा, लॅब, मेणातली चाचणी, कवळी, बॅग. हात एकदाही अडखळला नाही. त्याबद्दल तिला जरा अभिमानच वाटला आणि अभिमान वाटल्याबद्दल हसूही आलं. डॉक्टरांनी ट्रे वर बसवला, टाळूवर दाबला. "मान पुढे घ्या. नाकाने श्वास घेत राहा," ती सवयीने म्हणाली. ताईने भुवया उंचावल्या. त्या भुवयांचा अर्थ दवाखान्यातल्या खुर्चीलाही कळला असता, की जिने जन्मभर लोकांना श्वास शिकवला तिला आता तू शिकव. "धरा जरा," डॉक्टर म्हणाल्या आणि बाहेर फोन वाजत होता तिकडे गेल्या. आता ट्रे तिच्या दोन बोटांवर होता. बोटांना ताईचा श्वास लागत होता, सावकाश, मोजका. ओठांच्या कडेने थोडं गुलाबी बाहेर आलं होतं. इतकी जवळ, इतकी गप्प ताई तिने कधी पाहिली नव्हती.

"ताई," ती म्हणाली, "कवळी झाली तरी जाऊ नकोस."

ताईचे डोळे तिच्याकडे वळले. घशातून काहीतरी आवाज आला.

"बोलू नकोस, माप बिघडेल. मी म्हणते इथेच राहा. तुझ्या सोयीसाठी नाही म्हणत. मला हवी आहेस. मागच्या वेळी पाणी कोमट घेतलं ते चुकून घेतलं की काय, मला अजून कळलेलं नाही."

ताईने उजवा हात उचलला. बोटाने हवेत एक उंच चौकोन काढला. मग त्याच्या शेजारी दुसरा, जरा अरुंद. मग हात आडवा हलवला, नाही, नाही. तिला काही समजेना. एवढंच समजलं की नाही. बाउलमध्ये उरलेल्या गुलाबी थराला तिने नख लावून पाहिलं. बसलं होतं. आणखी धरून ठेवण्यात अर्थ नव्हता. तिने ओठ बाजूला करून ट्रे खाली ओढला आणि तो चप्प आवाज करून सुटला. ताईने चूळ भरली, थुंकली, पुन्हा भरली, रुमालाने तोंड पुसलं, सगळं सावकाश.

"तोंडात बोळा कोंबून विचारतात होय गं असं?" ती म्हणाली. "माझं कपाट तुझ्या दारातून आत येत नाही."

"काय?"

"कपाट. माझं. मी टेप लावून पाहिलं तू कामावर असताना. आडवं करून येत नाही, तिरकं करून येत नाही. चौकट काढावी लागेल. कोपऱ्यावरच्या सुताराला विचारलं मी, तो म्हणाला होईल. पण घर तुझं. तू तोंडातून शब्द काढल्याशिवाय मी तुझी चौकट कशी उखडू?"

तिच्या हातात ट्रे होता. वाळण्याआधी त्यात प्लास्टर ओतायला हवं होतं. डॉक्टर आत आल्या, त्यांनी ट्रे तिच्या हातासकट दिव्याखाली ओढला, टाळूच्या वळ्या, हिरडीची कडा, सगळं निरखलं, आणि म्हणाल्या, "छान आलंय. कुठेही बुडबुडा नाही." तिने ओला कापूस मापावर पांघरला. तिला काहीतरी बोलायचं होतं आणि तोंडात आलं ते कामाचंच.

"किती कमी पडतंय?"

ताईने अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये जागा धरून दाखवली. ती वाकली आणि एक डोळा बारीक करून त्या बोटांमधली जागा बघू लागली.